मागची पंगत

देसाईगंज (वडसा)
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

प्रिय रंभा,

त्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखी पाचला उठले. अंगण झाडलं, नळाला पाणी यायच्या आधी गुंड घासून ठेवले, दोन खेपा पाणी भरलं. शेजारच्या बकरीला भाजीची देठं टाकली. मग सूप घेऊन दारात बसले आणि तांदळातले खडे निवडले. उन्हं अंगणात उतरेपर्यंत सगळे निवडून झाले. तांदूळ घरचे नव्हते, मंडळीचे होते. चर्चमध्ये त्या दिवशी जेवण होतं.

सलाम लिहायचा राहिलाच. तुला, हेमराज भाऊजींना आणि दिव्यानीला माझा सलाम. मी बरी आहे. तिकडे तेलंगणात ऊन आणखी जास्त असेल. मिरची तोडलेले हात डोळ्यांना लावू नकोस, पोरीलाही लावू देऊ नकोस. मुकादमाचा माणूस चैतू गुरुवारी तिकडे निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन भाऊजींच्या खिशात असतो आणि ते नेहमी आवाज मोठा करून बोलतात. मला सांगायचं आहे ते तसं सांगण्यासारखं नाही. तुला अक्षरं लावायला वेळ लागतो, म्हणून मोठी आणि सुटी काढते आहे. एकटी असशील तेव्हा वाच. दिव्यानीकडून वाचून घेऊ नकोस.

आपल्या सासूची, बुढीची, तेरवी झाल्यावर तू बसमध्ये चढता चढता म्हणालीस, "बाई, जूनपासून दिवीले तुमच्यापाशी ठेवतो. वडशाची शाळा चांगली हाये. अन् तुमच्या हातचं खाईन तं अंगाले लागल."

त्या दिवशी घरी येऊन मी तिची जागा केली. खिडकीखालचा पलंग आमच्या ह्यांचा, तुझ्या भासऱ्यांचा. ते गेल्यापासून सहा वर्षं त्यावर माझी पुस्तकंच झोपतात. ती काढून फळीवर लावली. गादी उन्हात टाकली. मला लेकरू नाही हे तुला माहीत आहे. संध्याकाळी दिवा लावल्यावर मी मोठ्यानं वाचते, ते केवळ घरात आवाज असावा म्हणून. पोर आली असती तर वाचायला कारण झालं असतं.

पण तू तुझी लेक माझ्याकडे टाकते आहेस ती बुढी जे बोलली त्यावर. आणि बुढी खोटं बोलली.

मरायच्या आधी तिनं शेजारच्या वामनरावच्या बायकोला सांगितलं, दळणाच्या चक्कीवर चार बायांना सांगितलं, की सुनेनं चर्चमध्ये मला पंगतीत बसवलं, मटण वाढलं, पोटभर जेवून आली. तू मातीला आलीस तेव्हा सगळ्यांनी तुला तेच सांगितलं. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. "बाई, तुमी होत्या म्हणून बुढीच्या पोटात शेवटी चांगला घास गेला," म्हणालीस. मी तुझ्या पाठीवर हात फिरवत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आता नीट सांगते.

तुम्ही जानेवारीत मिरचीला गेलात तेव्हा गावी बुढीपुरते तांदूळ ठेवून गेलात. मला म्हणालीस, रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी लागतो, कधी लागत नाही, तेवढं पाहा. मी हो म्हटलं. जानेवारीत दोनदा गेले. तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं नाही, बोलली नाही. फेब्रुवारीत मी गेले नाही. गुडघा दुखतो असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. गुडघा दुखत नव्हता.

दोन मार्चला चर्चमध्ये ते जेवण होतं. उपासकाळ लागायच्या आधीचा रविवार. जगात किती माणसं उपाशी झोपतात हे मंडळीला कळावं म्हणून पास्टरसाहेबांनी ठेवलं होतं. नागपूरहून पाहुणे आले होते, भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. जेवणाची तऱ्हा अशी, की दारात प्रत्येकानं टोपलीतली एक चिठ्ठी उचलायची. थोड्या चिठ्ठ्यांवर ‘भरलं ताट’. त्यांना टेबलखुर्ची, मटण, पुरी, भात, गोड. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘पेज’. त्यांना चटईवर बसून एक वाटी पेज आणि मीठ. आणि काही चिठ्ठ्यांवर ‘रिकामं’. त्यांनी रिकामं ताट पुढ्यात घेऊन भिंतीकडेला बसायचं आणि इतरांना जेवताना बघायचं. चिठ्ठीत निघालं ते निघालं, कोणी कोणाला आपल्यातलं द्यायचं नाही. जगात असंच चालतं, हे समजावं म्हणून.

चिठ्ठ्या मी लिहिल्या. पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकलेली बाई मी, पण अक्षर बरं आहे म्हणून लिहायचं काम माझ्याकडेच येतं. पास्टरसाहेबांनी बजावलं होतं, "म्हातारी माणसं आणि लेकरं यांना रिकामी चिठ्ठी जाऊ देऊ नका, शेवंताबाई." म्हणून ‘रिकामं’च्या चिठ्ठ्यांना मी दोन घड्या घातल्या, बाकीच्यांना एक. म्हातारं माणूस आलं की टोपली जराशी हलवायची आणि एक घडीची चिठ्ठी वर आणायची. दयेसाठी केलेली युक्ती होती ती.

साडेअकराला बुढी आली.

मी तिला लगेच ओळखलं नाही. लुगडं अंगावर लोंबत होतं. आमच्या घरी कुलूप पाहून शेजाऱ्यांना विचारत आली होती. ज्या बाईनं पोरगा बाटला म्हणून वीस वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, ती चर्चच्या दारात चपला काढत होती. पास्टरसाहेबांना एवढ्या वर्षांत जमलं नाही ते भुकेनं केलं.

"तांदूळ सरले वं," ती म्हणाली. "मशीनवर अंगठा लागत नाई. तीनदा गेली. बस फुकट हाये म्हणून आली. इथी आज जेवाले देतेत म्हणे?"

"देतेत," मी म्हटलं, आणि टोपली पुढे केली.

रंभा, मी टोपली हलवली. दोन घड्यांची चिठ्ठी वर आणली आणि तिच्या बोटांसमोर धरली.

का, ते तुला माहीत आहे, कारण तू तिथं होतीस. तुझ्या भासऱ्यांना आम्ही चर्चच्या मसणवटीत पुरलं, तरी बुढीनं गावी त्यांची तेरवी केली. मी गेले. नवऱ्याची तेरवी होती. पंगतीत बसले, पत्रावळीवर तू भात वाढलास. बुढी आली आणि तिनं माझ्यासमोरची पत्रावळ उचलली. "दवाखान्याच्या नादी लावून माह्या पोराले खाल्लं हिनं. पोट भरलं असन तिचं. हिले मागच्या पंगतीत बसवा," म्हणाली. मी गोठ्यापाशी जाऊन बसले. चार पंगती उठल्या. मग भाताचे रिकामे गंज घासायला काढले. तू हळूच मला पाणी आणून दिलंस, तेवढंच.

पुढचं ऐक. तिला वाचता येत नाही. चिठ्ठी तिनं जेवणाचा पास समजून पदराच्या गाठीला बांधली. मी तिला रिकामं ताट दिलं आणि भिंतीकडेला बसवलं. तिथं बसलेली माणसं हसत-खिदळत होती. पोस्टातून निवृत्त झालेले एकजण म्हणाले, "आपला तं उपास निघाला राज्या! काई चिंता नाई, घरी कोंबडं शिजून राह्यलं." शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, मंग आमाले बी बोलवा न." त्यांच्यात बुढी ताट मांडीवर घेऊन मांडी घालून बसली. टेबलावर मटण वाढलं, चटईवर पेज वाढली. ती बघत राहिली. तिला वाटलं, आपली पंगत मागून आहे. गावात तसंच असतं. पहिली पंगत पाहुण्यांची, मग आपली. ज्याला ताट दिलं त्याला कधी ना कधी वाढतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

पास्टरसाहेब माझ्याकडे आले. "ह्या आजी कोण? म्हाताऱ्या माणसाला रिकामी कशी गेली?"

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "जेवून आल्या आहेत. त्यांनी मागूनच घेतली."

मी हे तिच्यापासून तीन हातांवर बोलले. तिला थोडं कमी ऐकू येतं. ऐकलं की नाही मला माहीत नाही. तिनं मान हलवली.

पाहुण्यांनी तिचा फोटो काढला. "किती शांतपणे बसल्या आहेत. हीच खरी साक्ष," असं म्हणाले. तो फोटो आता चर्चच्या फळ्यावर लावला आहे. मी दर रविवारी त्याच्यासमोरून आत जाते.

एक वाजता तिनं मला हात करून बोलावलं.

"काऊन वं, मागची पंगत कधी बसते?"

"बसन," मी म्हटलं. "थांबा."

दोन वाजता प्रार्थना झाली, लोक उठले. ‘रिकामं’वाले फाटकाबाहेर समोशाच्या गाडीवर गेले किंवा घरी गेले. बुढी बसूनच होती. मी टेबलं पुसली, चटया गुंडाळल्या. मग तिच्यासमोर गेले आणि तिचं ताट उचललं. कोरडं होतं. तरी मी ते इतर ताटांबरोबर धुतलं.

चिठ्ठी गाठीतून सोडून तिनं मला परत दिली. तेव्हा तिला कळलं असावं. मला बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. तिनं फक्त चपला शोधल्या.

गावी जाऊन तिनं जे सांगितलं ते तू ऐकलंसच. जेवून आल्याचं खोटं मी चर्चमध्ये बोलले, आणि तेच तिनं गावभर सांगितलं. सुनेच्या दारातून उपाशी आली हे तिला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. माझी लाज झाकायला नाही, स्वतःची. पण एकदा पोटभर जेवले म्हटल्यावर शेजारणीकडे वाटीभर पीठ तरी कसं मागणार? तिनं मागितलं नाही. वामनरावच्या बायकोनं विचारलं तेव्हाही, सूनबाई पाहते, असंच म्हणाली.

एकवीस तारखेला ती गेली. ताप होता, वय होतं, असं सगळे म्हणतात. तिला न्हाऊ घालायला मी आणि तू होतो. तू रडत होतीस, मी पोट पाहिलं. चुलीवर गंजात मोहफुलं उकडलेली होती. तू म्हणालीस, "बुढी शेवटपर्यंत मोहा येचत होती, कामाची होती." तुला वाटलं बाजारासाठी. रंभा, घरात दुसरं काहीच नव्हतं. डबे मी उघडून पाहिले होते, तू यायच्या आधी.

तेरवीला तू मला पहिल्या पंगतीत बसवलंस. स्वतः वाढलंस, पुन्हा पुन्हा वाढलंस. मी जेवले.

सूड घेतल्यावर माणसाचं मन हलकं होतं असं मी पुस्तकांत वाचलं आहे. माझं झालं नाही, जडही झालं नाही. तुझे भासरे गेले तेव्हापासून छातीत जे आहे ते तितकंच आहे. ते असते तर त्यांनी मला विचारलं असतं, "शेवंता, मायले जेवाले दिलं का?" हे वाक्य मला दिवसातून पुष्कळदा ऐकू येतं.

आता दिव्यानीचं. मी तिला उपाशी ठेवणार नाही असं तुला लिहू शकते, पण तसं मी बुढीच्या बाबतीतही तुला सांगितलं होतं. भाऊजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. पोरीला पाठवू नकोस असं माझ्या हातून लिहिलं जात नाही, पाठव असंही लिहवत नाही. जूनमध्ये शाळा उघडतील. तू आली नाहीस तर मी कारण विचारणार नाही.

एक गोष्ट मी अजून लिहिली नव्हती. त्या रविवारी बुढीला बसस्टँडवर सोडायला मी गेले. पाऊण तास बस नव्हती. आम्ही बाकावर बसलो होतो. पास्टरसाहेबांच्या बायकोनं उरलेलं मटण आणि भात मला डब्यात भरून दिलं होतं. डबा माझ्या पिशवीत होता, मांडीला ऊन लागत होता. बुढी म्हणाली, "वास येऊन राह्यला वं मटणाचा." मी म्हटलं, समोरच्या हॉटेलातून येत असेल. बस आली. मी तिला दंडाला धरून चढवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी अंगण झाडलं, पाणी भरलं, डब्यातलं मटण गरम केलं आणि भाताबरोबर जेवले.

तू नातं ठेवलंस तर तुझी जाऊ,
शेवंता