मलिदा या शीर्षकाखालील खर्च

३ नोव्हेंबर, सोमवार. नागभीड, लॉज.

पोचलो एकदाचा. एसटीत मागची सीट मिळाली, कंबर गेली. लॉजवर गरम पाणी "सकाळी विचारा."

काम मोठं आहे. ठाण्याला बेने इस्रायली लोकांचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांचा, एक धर्मादाय ट्रस्ट आहे. त्यांची एक गाडी इथल्या गावांतून सिकलसेलच्या पेशंटना उचलते, रक्त चढवायला गडचिरोलीला नेते, परत आणून सोडते. संस्थापकाचे वडील या जंक्शनवर स्टेशनमास्तर होते, म्हणून नागभीड. गाडीचा पैसा आणि काम, दोन्ही तपासून मी रिपोर्ट द्यायचा.

बँकेतून इन्स्पेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्यापासूनची ही पहिली असाइनमेंट. सौ. म्हणाली, माझे डबे उघडून बघत बसण्यापेक्षा बरं. तिला या क्षेत्राची कल्पना नाही.

नियम एकच: ज्याचं ऑडिट, त्याचा चहा घ्यायचा नाही.

४ नोव्हेंबर

रिव्काबाईंना भेटलो. संस्थापकाची बहीण, सत्तरी ओलांडलेली, रिटायर्ड शिक्षिका. घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, एक टेबल टाकून सगळा कारभार बघतात. ड्रायव्हर कय्यूम. दोघंही फार हसतात. नोंद घेतली.

चहा घेतला. घसा बसला होता, तो अपवाद धरतो.

६ नोव्हेंबर, दुपार

सापडलं!

डिझेल ठीक, टायर ठीक, आणि मधेच "मलिदा". दर महिन्याला, कधी दोनदासुद्धा. बँकेत उभी हयात गेली, लोकांनी मलिदा खाल्लेला पाहिला, पण हिशेबात तसं शीर्षक टाकून खाल्लेला नाही पाहिला. रकमा अगदी किरकोळ. त्यातच तर हुशारी आहे.

चहा दोनदा. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

७ नोव्हेंबर

कय्यूमला गाफील पकडलं. तो गाडी धूत होता. सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे मलिदा कोण कोण खातं? हातातलं फडकंही न थांबवता म्हणाला, "सबच खाते ना साहेब. मी खातो, बाई खाते, पेशंट बी खाते. मांगच्या खेपीले डॉक्टरसाहेबाले डब्यात नेऊन देल्ला."

डॉक्टरपर्यंत साखळी! वर म्हणाला, "तुमालेबी देऊ, काऊन नाई. जरासे थांबा फक्त."

म्हणजे लाच देऊ केली. माझी नजर त्याला कळली असावी.

८ नोव्हेंबर, शनिवार

कार्यालय बंद. रिव्काबाई म्हणाल्या, शनिवारी आम्ही काम करत नाही, उद्या या. रविवारी? लोकांना सुट्टी असताना हे उघडतात. का? अधोरेखित केलं.

दिवसभर लॉजवर. अंग मोडून आलंय.

१० नोव्हेंबर

ठाण्याला सेक्रेटरी बेंजामिनसाहेबांना फोन केला. तपशील फोनवर सांगणं धोक्याचं, म्हणून एवढंच म्हणालो की गंभीर बाब आहे, तपास होईपर्यंत डिझेल थांबवा. ते हो म्हणाले. गाडी उद्यापासून उभी. एका फोनवर!

रिव्काबाईंना सांगितलं. हसल्या नाहीत. या आठवड्यात पाच जणांना न्यायचं आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, ज्यांची गैरसोय होईल त्यांनी माझ्याकडे लॉजवर लेखी तक्रार द्यावी. मी लोकांचं ऐकून घेणारा माणूस आहे.

१४ नोव्हेंबर

अंतरिम रिपोर्ट मेल केला. अकरा पानं. मलिद्याचं प्रकरण अंतिम रिपोर्टसाठी राखून ठेवलंय, तिथे त्याचा प्रभाव पडेल. यात मुख्य भर मी परिस्थिती कशी हाताळली यावर. सर्वांत जमलेलं वाक्य: "गाडी पूर्णपणे बंद असतानाच्या काळात लाभार्थ्यांकडून एकही तक्रार प्राप्त झालेली नाही."

आणि खरंच, लॉजवर कोणीही आलं नाही. थंडी वाढली आहे. सौ.ने स्वेटर ठेवला होता तो मीच बाहेर काढला होता, बॅग हलकी व्हावी म्हणून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

रिव्काबाईंनी बोलावलं. सपरीत सतरंजी, मधे मोठी परात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, एलियाहू नबीचं, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचं, नाव घेतलं आणि एक प्रार्थना म्हटली. कय्यूम डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसलेला. मग बाई म्हणाल्या, आमच्यात नवस फेडताना हा मलिदा करतात. पेशंट दवाखान्यातून सुखरूप घरी आला की मी करते. खरं तर या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, पण आमची इथे दहा माणसं कुठून आणू? सगळे तिकडे इस्रायलला गेले. मग एकटीच म्हणते.

कय्यूम मला म्हणाला, "आमच्यातबी फातेह्याले मलिदाच करते साहेब. पण बाईच्या हातचा भारी."

मी वही मिटली. कोणी पाहिलं नाही.

नवस करिश्माचा होता. आरमोरीकडच्या देवाजींची नात, अकरावीला आहे. पहिली वाटी तिला. तिला चमचा नीट धरता येत नव्हता, बोटं सुजलेली. मी विचारलं, गाडी तर बंद होती, मग गेलात कसे? देवाजी म्हणाले, "कय्यूमभाऊनं कोनाचा तरी छोटा हत्ती टेम्पो आनला. धानाच्या चुंगड्यावर बसून गेलो. पोरीले थंडी लागली रस्त्यानं, मंग दुखनं उठलं. लय रडली." या आजारात थंडी वाईट, हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी विचारलं, मग तक्रार का नाही केली? देवाजी म्हणाले, "तक्रार कोनाची करू जी? बाई म्हने सायब चांगला मानूस हाय, हिसाब पाहून राह्यला, झालं का सोडन गाडी."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मलिदा मात्र खाल्ला, पुन्हा मागूनही घेतला.

१९ नोव्हेंबर

बेंजामिनसाहेबांना फोन केला. गाडी थांबवायला एक फोन पुरला, सुरू करायला रविवारच्या विश्वस्तांच्या मीटिंगची मंजुरी लागते. कारणासह लेखी कळवा, म्हणाले. किरकोळ औपचारिकता. कय्यूमला सांगून टाकलं, मंगळवारी गाडी निघणार, मी आहे ना.

२० नोव्हेंबर

पत्राचा मसुदा. "एका शब्दाच्या प्रादेशिक अर्थछटांमुळे..." नको. "हिशेबातील शीर्षके संदिग्ध असल्याने..." हेही नको, बाईंवर ढकलल्यासारखं वाटतं. मसुदा दोन: "सखोल चौकशीअंती माझी खात्री पटली की..." हे बरं आहे. माझ्या चुकीचा उल्लेख कुठेच नाही आणि खोटंही नाही.

२१ नोव्हेंबर

मसुदा तीन. "सखोल" काढला, "सर्वंकष" घातला. करिश्माचा उल्लेख करावा की नाही? केला तर ती थंडीत का गेली हे सांगावं लागतं. ठेवला. काढला. शुक्रवारचा सूर्य मावळल्यावर लक्षात आलं, त्यांचा शनिवार लागला, आता ते मेल उघडणार नाहीत. तरी पाठवला. रविवारी सकाळी वाचतीलच. शिस्तीची माणसं आहेत.

करिश्माचा उल्लेख शेवटी राहिला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बेंजामिनसाहेबांचा फोन. आवाज थकलेला. आधी आभार मानले. म्हणाले, तुमचा दुसरा मेल मीटिंगनंतर पाहिला. आमची मुलं सगळी परदेशात, देणारे हात दरवर्षी कमी होतायत, दोनपैकी एकच काम चालवता येईल: नागभीडची गाडी किंवा ठाण्यातल्या एकट्या म्हाताऱ्यांचा डबा. वर्षभर कोणाची हिंमत होत नव्हती. तुमच्या रिपोर्टमुळे सोपं झालं, डबा चालू, गाडी कायमची बंद. गाडी बंद ठेवून बघितली, एकही तक्रार नाही. तुमचं वाक्य मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, कार्यवृत्तात जसंच्या तसं घेतलं आहे. रिव्कालाही तुम्हीच सांगा, तुमच्यावर तिचा विश्वास आहे.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं एक वाक्य कोणी जसंच्या तसं घेतलं नव्हतं.

मी म्हणालो, पण साहेब, मलिदा... ते म्हणाले, हो, तो खर्चही आता वाचेल.

दुपारी सपरीत गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. बाईंनी चहा टाकला. माझ्यासाठी आता न विचारताच टाकतात. कय्यूमने गाडी धुऊन पुसून उभी केलेली, मागच्या सीटवर दोन घोंगड्या आणि एक गरम पाण्याची पिशवी. उद्या करिश्माला तपासायला न्यायचं आहे. बाई म्हणाल्या, तुमच्यामुळे झालं हो.

कय्यूम म्हणाला, "डिझल टाकू ना साहेब?"

मी म्हणालो, टाक.

खिशातून पैसे काढून दिले. त्याला वाटलं ट्रस्टचे. उद्या गाडी परत आली की सांगतो.