खंडेनवमीचा कॉम्प्युटर

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
सकाळी कॉम्प्युटरची पूजा केली. सुकन्या माहेरी उदगीरला. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ती रविवारी परत येणार. जाताना बजावून गेली होती, पूजा करायचीच तर लांबून फूल वाहा, नारळ-बिरळ फोडू नका. बायकांना यंत्रातलं काय कळतं? आमचे अप्पा दर खंडेनवमीला ऑइल इंजिनवर नारळ फोडायचे आणि ते इंजिन अप्पांच्या मागेही चाललं. मीही पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, सीपीयूच्या डब्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. थोडं पाणी कीबोर्डवर सांडलं. प्रसादच तो. पंच्याने पुसून घेतलं.

संध्याकाळी.
कॉम्प्युटर सुरू होईना. म्हणजे होतो, पण मध्येच अडकतो. आधी कंपनीचं चिन्ह येतं, मग पीं पीं ओरडतो, मग सगळा काळा पडदा आणि त्यावर एक इंग्रजी ओळ. ओळीत ‘कीबोर्ड’ असा एक शब्द आहे. बाकीची वाचली नाही. अशा ओळी मशीन स्वतःसाठी लिहितं.

घाबरण्यासारखं काही नाही. मी एमएससीआयटी पास आहे. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की साहेब मलाच हाक मारतात.

प्रश्न एवढाच की आत सुकन्याची फाइल आहे. सासूबाईंच्या बोलण्यातले घरगुती कन्नड शब्द ती चार वर्षं गोळा करतेय. शब्द, अर्थ, वाक्य. सासूबाईंना अलीकडे विसरायला होतं, म्हणून हिची घाई. दिवाळीला पुस्तक छापून आईच्या हातात ठेवायचंय. ती फाइल गेली तर... पण जाईल कशाला? उद्या सकाळी दुरुस्त करून टाकतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
सकाळी परत लावून पाहिला. परत पीं पीं. बटण दाबून बंद केला आणि त्या खोलीचं दार लावून घेतलं.

शेजारच्या केरबांकडे गेलो. सहज. त्यांची मुलगी धम्मप्रिया पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवते, पण ती दीक्षाभूमीला नागपूरला गेलेली. केरबा गुडघ्यामुळे घरीच. ते म्हणाले, “आमच्या साडूचं हिमायतनगरला असंच झालं, गुरुपाद. आधी ओरडला, मग गप झाला. जितका जास्त अडकून राहतो तितकं आतलं नासत जातं म्हणे. समदं गेलं बघ.” साडूची बायको त्यानंतर साडूशी बोललीच नाही, असंही सांगितलं. चहा न पिताच उठलो.

धम्मप्रियाला फोन लावला. म्हणाली, “काका, कशालाच हात लावू नका. फाइल आत शाबूत असणार. रविवारी सकाळी येऊन बघते.” पोरगी हुशार आहे, पण अनुभव कमी. रविवारीच सुकन्या येणार. तिची गाडी आधी आली म्हणजे?

रात्री जेवायच्या वेळी सुकन्याचा फोन. म्हणाली, फाइल उघडा अन् एक शब्द वाचून दाखवा. मी म्हणालो, लाइट गेली. ती म्हणाली, मग पंख्याचा आवाज कशाचा येऊन राहिलाय? मी म्हणालो, इन्व्हर्टरवर आहे. ती म्हणाली, आपल्याकडं इन्व्हर्टर कधी आला? मी म्हणालो, आवाज येत नाही तुझा, आणि ठेवला. वेळ मारून नेली, हे महत्त्वाचं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
ऑफिसला जाण्याआधी कॉम्प्युटरचा डबा उघडला. शॉक बसू नये म्हणून पाटावर, रबरी चपला घालून उभा राहिलो. आतून पाल निघाली आणि माझ्या हातावरून गेली. मी ओरडलो नाही. केरबा खिडकीतून काय झालं म्हणून विचारत होते, ते रस्त्यावरच्या आवाजाने असेल. नंतर रॅम काढून खोडरबरने घासली. व्हिडिओत तसंच करतात. बसवली. पीं पीं.

आता निदान पक्कं झालं. विंडोज बिघडलंय. नवीन टाकायचं. त्याला पेनड्राइव्ह लागतो. सुकन्याच्या कपाटाच्या खणात एक लाल रंगाचा सापडला. ऑफिसात विंडोज त्याच्यावर चढवलं. मध्ये एक सूचना आली, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का. यस केलं. मशीन उगाच भीती घालतं.

येताना ऑफिसचा कीबोर्डही पिशवीत घालून आणला. आमच्या कीबोर्डची बटणं चिकट झालीयेत, एक दाबलं की वर येतच नाही. असल्या कीबोर्डवर एवढं नाजूक काम कसं करणार?

संध्याकाळी.
सुकन्याचा फोन. आवाज ऐकूनच तिला संशय आला. मी एवढंच म्हणालो, कॉम्प्युटर जरा हळू चालतोय. ती हसली. म्हणाली, “एवढं काय भ्यायलात? त्यो बिघडला तरी बिघडू द्या. फाइलची कॉपी हाय माझ्याकडं. लाल पेनड्राइव्हवर. कपाटाच्या खणात.”

पेनड्राइव्ह माझ्या हातातच होता.

मी खूप भ्यालोय. वहीत लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

४ ऑक्टोबर, शनिवार.
डोक्यात केरबांचं ‘नासत जातं’ फिरत होतं. आता फाइल फक्त त्या डब्यात आणि डबा आतून नासतोय. रविवारपर्यंत थांबलो तर काय उरेल? शिवाय विचार केला, विंडोज म्हणजे खिडक्या. खिडक्या बदलल्या म्हणून घरातली भांडीकुंडी कुठे जातात?

ऑफिसचा कीबोर्ड जोडला, पेनड्राइव्ह खोचला, बटण दाबलं. ओरडला नाही! पहिल्यांदाच पीं पीं नाही. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. निळा पडदा आला. तो एकेक विचारत गेला, मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो. एका ठिकाणी ड्राइव्ह दाखवून डिलीट, फॉरमॅट वगैरे आलं. देवघरात जाऊन लिंगाला हात जोडून आलो. मग केलं.

दुपारी.
सुरू झाला!! व्यवस्थित, न अडकता! घरभर नाचलो. केरबांना हाक मारून दाखवला. धम्मप्रियाला मेसेज टाकला, येण्याची गरज नाही, काम मी केलं.

थोड्या वेळाने.
पडद्यावर फक्त निळं आकाश आणि रिसायकल बिन. फाइल दिसत नाही. असणारच कुठेतरी. सर्च केलं. बिनमध्येही पाहिलं. बिनसुद्धा रिकामी.

उदगीरची गाडी उद्या बाराला येते.

५ ऑक्टोबर, रविवार.
नको म्हटलं तरी धम्मप्रिया सकाळीच आली. सगळं ऐकून तिने आमचा जुना कीबोर्ड हातात घेतला, उलटा करून झटकला. खोबऱ्याचा कण पडला. मग विचारलं, “काका, दुसरा कीबोर्ड लावल्यावर पेनड्राइव्ह काढून एकदा नुसतंच चालू करून बघितलं नव्हतं का?” या प्रश्नाचा मला उद्देश कळला नाही. मी नाही म्हणालो. तिने कीबोर्ड टेबलावर पालथा ठेवला. मग हळूच म्हणाली, बिघाड कीबोर्डचाच होता. आतलं सगळं कालपर्यंत धड होतं.

तिने कुठलंसं सॉफ्टवेअर लावून बघितलं. डब्यातून आणि पेनड्राइव्हमधून फाइलचं नाव तेवढं निघालं. उघडली तर आत चौकोन, चौकोन, चौकोन.

सुकन्या आली. पिशवी हातातच होती, तेव्हाच मी सांगितलं. नारळापासून सांगितलं, इन्व्हर्टरचंही. वाटलं होतं ओरडेल. मी ओरडून घ्यायला तयार होतो. ती खुर्चीवर बसली आणि त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग उठून भाकरी टाकायला गेली. मला हे जास्त भीतीचं वाटतं.

६ ऑक्टोबर, सोमवार.
सकाळी सुकन्याने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. पुन्हा पहिल्यापासून करायचं, ती आणि अव्वा, म्हणजे सासूबाई, सांगणार, मी टाइप करायचं. उदगीरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पहिला शब्द तिनेच सांगितला. हुच्च. अर्थ, वेडा. वाक्य, ‘आमच्या घरी एक हुच्च आहे, त्याने कॉम्प्युटरवर नारळ फोडला.’ मी एकही चूक न करता टाइप केलं. पलीकडे सासूबाई खोकला येईपर्यंत हसल्या. सुकन्याही थोडी हसली. हायसं वाटलं. म्हटलं, मिटलं प्रकरण. दिवाळीपर्यंत पुस्तक परत उभं करू. माझा टाइपिंगचा स्पीड चांगला आहे.

मग तिने विचारलं, “अव्वा, भाकरी थापताना काठवटीच्या कडंला राहिलेल्या पिठाला तू काय म्हणायचीस गं?”

सासूबाई म्हणाल्या, “कसलं पीठ?”

सुकन्याने परत समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण तर पीठ उरवतच नव्हतो. सुकन्या म्हणाली, बरं, असू दे अव्वा. मी विचारलं, तुला नाही का आठवत? ती म्हणाली, लिहून ठेवलं होतं म्हणून डोक्यात ठेवलं नव्हतं.

पुढचा शब्द कोणता, म्हणालो. ती म्हणाली, शब्दांची यादीही फाइलमध्येच होती.

तिने फोन ठेवला. मला म्हणाली, बंद करा आता. केला. मग नीट बंद झाला का बघायला परत लावला. कॉम्प्युटर आता एकदम झटक्यात सुरू होतो.