चिंगीचा आवाज

९ एप्रिल
भाजी घेताना शेजारच्या पाटीलबाई : "तुमच्या बहिणीच्या बाहुलीवर पिक्चर निघाला म्हणे!" हसले. बाहुली धाकट्या मंदाची? शिवली तिने, खरंय. भडगावला, आईच्या जुन्या लुगड्याची. पण तिच्या, चिंगीच्या, तोंडून बोलायचे मी. मंदाच्या तोंडून तेव्हा चारचौघांत शब्द फुटत नव्हता. आज धुळ्यात तिचा कारखाना, घरोघरी चिंगी. पोट दाबलं की आमच्या भडगावच्या बोलीत खेकसते, "काय देखी राहिनी वं?" वाक्य माझं. आवाज मंदाने माझी नक्कल करून भरलेला.

१४ एप्रिल
मंदाचा फोन. पिक्चरच्या पहिल्या खेळाला मुंबईला चल म्हणाली. यांना सुट्टी नाही, असं ठोकून दिलं. यांना विचारलंही नाही. पेपरात तिचा फोटो. साडी मी दिलेली! जळफळाट होतोय नुसता. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय.

१८ एप्रिल
जळगावला एकटीच जाऊन पिक्चर बघून आले. चिंगी पुण्याचं बोलते! "अगं, असं नाही करायचं हं." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीवर दोन गल्ल्यांच्या पोरी एकमेकींना शिव्या घालायच्या, आमच्याकडून चिंगी पुढे. तो प्रसंग घेतलाय, पण चिंगी तिथे नमस्कार करते. नमस्कार! पडणार हा पिक्चर, म्हटलं. बरं वाटलं. तर पोरं टाळ्या पिटतायत. चिंगी हरवते नि धाकटी बहीण तिला शोधत फिरते, तिथे मीही रडले. मग स्वतःचाच राग.
नावं संपेपर्यंत बसून राहिले. मंदाचं मोठं. शिंदखेड्याच्या कुठल्याशा टेम्पोवाल्याचे आभार. माझं नाही. झाडूवाली म्हणाली, "ताई, पाय वर घ्या."

३० एप्रिल, आखाजी
भडगाव. दोघी माहेरी. झोका, गौराई, सांजोऱ्या, सगळं झालं. पोरींचा गराडा मंदाभोवती. "चिंगीसारखं बोली दखाड ना!" मंदाने जुनी, लुगड्याची चिंगी आणलेली. कारखान्यातलं ते एकच वाक्य आलं, पुढे जमेना. पोरी फिदीफिदी. मग बाहुली माझ्या मांडीवर ठेवली. "अक्का, तू बोल. माले नही जमत."
पिक्चरवाल्यांना सांगताना नाही सुचलं हे? म्हटलं, "मना घसा दुखी राहिना."
मंदा उठून आत गेली. सगळ्यांसमोर तिचा चेहरा पडला. मला हवं होतं तेच झालं, तरी हातातली गोड सांजोरी अर्धीच परत ठेवली.
निघताना चिंगी चुकून माझ्या पिशवीत आली. चुकून नाही.

६ मे
परत दीपनगरला, घरी. मंदाचा फोन नाही. मीही केला नाही. चिंगी फ्रिजवर बसलीय. यांनी विचारलं, "हे काय आणलंस?" पान वाढलं.
लहानपणी अबोला धरला की आम्ही तिच्यामार्फतच बोलायचो. मी चिडलेय का हे मंदा नाक पुसत विचारायची, "चिंगी, अक्का मनावर चिडेल शे का?" आणि चिंगी, म्हणजे मी, असेल ते खरं सांगायची. मग दोघी जेवायला.

११ मे
कणीक मळत होते. फोन. मंदा. म्हटलं, "बोल." मग, "तुले नही. चिंगीले दे."
थांब म्हटलं. हात धुतले, चिंगीला खाली काढलं. फोन ओट्यावर तसाच चालू. धीर यावा म्हणून ही वही ओढली. मंदा ठेवायची नाही, चिवट आहे. पलीकडून तिचं नाक ओढणं ऐकू येतंय.
विचारलंच तिने, तेच लहानपणीचं.
चिंगी कधी खोटं बोललेली नाही, हीच पंचाईत. वही ठेवते, चिंगीला फोनपाशी धरते.