मेहुण्याच्या वेबसाइटवरची कवळी

३ मार्च, सोमवार

प्रवाशांनो! तुमची बॅग मोडत नाही – ती मोडावी म्हणूनच बनवलेली असते! चाक लावतात ते वर्षभरही न टिकणारं, चेन लावतात ती पहिल्याच घाईत दात विचकणारी. आणि तुम्ही? निमूटपणे नवी घेता!

– ही सुरुवात. आज आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर चढवली. मुलीने टाइप करून दिली. "बाबा, फार लांब झालंय." लांब! विचार काय वितीत मावतात? पंधरा परिच्छेद आहेत, एकही फुकटचा नाही. शेवटच्यात मेहुण्याचा समाचार घेतलाय. नाव न घेता. "बाजारामागे निळ्या शटरच्या दुकानात सकाळी दिलेली बॅग संध्याकाळी परत मिळते, तीही निम्म्या पैशांत! सुज्ञांनो, ही दुरुस्ती की थुंकी लावून डकवणं?"

ज्याला चेनीचा रनर धरायला मी शिकवलं, त्याने दोन गल्ल्या सोडून दुकान थाटावं! बसू दे आता बोंबलत.

४ मार्च, मंगळवार

कुणी नाही. त्याच्याकडे रांग. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो, विजेचं बिल भरायला त्याच बाजूने जावं लागतं. परत येतानाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी एक बाई तीन चाकांची बॅग खडखडवत आत आल्या. "तुमची वेबसाइट वाचून आले." माझी छाती फुगली! मुलीकडे पाहिलं – बघ!

"फार छान लिहिता हो. ते निळं शटर नेमकं कुठे आलं? उद्या सकाळीच निघायचंय मला."

मी रस्ता सांगितला. काय करणार? वर हातगाडीवाल्यापाशी डावीकडे वळा, हेही सांगितलं! मुलगी अस्तर कापत होती. तोच कपडा तोंडात कोंबून हसत बसली. मग म्हणाली, "बाबा, त्याचा पत्ता, वेळ, भाव – सगळं तुम्हीच छापलंय. आपला पत्ता नवव्या परिच्छेदात आहे. कंसात."

असंच चाललं तर पाटी उतरवून त्याच्याच हाताखाली बसावं लागेल. "भाऊजी, जरा ते चाक द्या." नको! त्यापेक्षा उपाशी बरा.

७ मार्च, शुक्रवार

त्याची वेबसाइट पुन्हा उघडली. रोज उघडतो, या पानापासून काय लपवायचं. इतकंच आहे –

"चाक निखळलंय? चेन अडतेय? बॅगेचा फोटो पाठवा. होण्यासारखं असेल तर हो म्हणू, नसेल तर तसं सांगू. सकाळी आणा, संध्याकाळी न्या. आणताना सगळे खिसे रिकामे करा. एका बॅगेत कवळी निघाली होती. मालक दोन दिवस पेजेवर होते."

ती कवळी! माणूस हसतो आणि हसता हसता फोटो पाठवतो. मी भिंतभर पुस्तकं वाचली, सभा गाजवल्या, व्यापारी मंडळाला उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या – आणि असं एक वाक्य माझ्या हातून उतरलं नाही! हा गडी वाढदिवसाच्या कार्डावर काय लिहू म्हणून आपल्या ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करणारा. लिहून घेतलंय कुणाकडून तरी. कुणाकडून? गिऱ्हाइकं नेलीस, ने. पण हे वाक्य? जळतो मी. अक्षरशः जळतो.

९ मार्च, रविवार

मेहुणा जेवायला. राहवलं नाही. "काय मेहुणेबुवा, लेखक किती पगारावर ठेवलाय?"

त्याला ठसका लागला. "काहीतरीच काय भाऊजी!" – आणि बघतो कुणाकडे, तर ताईकडे. ती म्हणाली, "भाजी घ्या. गार होतेय."

तो गेल्यावर मुलीला ती ओळ वाचून दाखवली, जळफळत. ती म्हणाली, "बाबा, कवळी आपल्या दुकानात निघाली होती. आईने दोनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही सभेच्या भाषणात होतात."

त्या दिवशी दुकानात एकटी बायकोच होती.

१० मार्च, सोमवार

"हो, मीच दिलं लिहून. 'ताई, देतेस का?' म्हणाला तो."

"आणि मला?"

"तुम्ही कुठे मागता? तुम्ही तर लिहिलेलं वाचून दाखवता."

पंधराही परिच्छेद पुसले. ती अजून ओट्यापाशीच आहे. प्रस्तावना नको, मुद्दे नकोत. ऊठ, आत जा आणि तिला म्हण – आपल्या दुकानासाठी चार ओळी देतेस का?