मैदानात ताई म्हणायचं नाही

रवि. ४ जाने.

पाच गोल खाल्ले. आमच्या बायकांनी, माहुलच्या बायकांकडून, सरावाच्या मॅचमध्ये. मी कडेला खुर्ची टाकून शेंगा सोलत होते. पाचवा झाला तेव्हा मान वर केलीसुद्धा नाही.

बोलते मी, लिहिते प्राची. मला अक्षर येत नाही, त्यावाचून तोंड काही अडत नाही. प्राची माझी नात, आणि याच टीमची कोच. म्हणजे जिची वाट लागली तिच्याच हातून मी ती लिहून घेतेय. तिने पेन खाली ठेवलं. उचल गं.

टीमच्या मागच्या फळीत माझ्या दोन्ही सुना. थोरली मंगल, ती प्राचीची आई. धाकटी रेश्मा, तिची काकी. प्राची म्हणते, टीमच्या वहीत आई-काकी बरं दिसत नाही, थो. आणि धा. लिहीन. लिही.

मॅच संपल्यावर मैदानाच्या मंडळाचे सेक्रेटरी आले. गोड माणूस. म्हणाले, "आजी, स्पर्धेत फायनलला पोचल्या तर रविवार सकाळ बायकांची. नाहीतर क्रिकेटची पोरं थांबलीयत." माझ्याच थर्मासमधला चहा पिऊन हे सांगितलं.

थो. घरापर्यंत तरातरा एकटीच पुढे चालत आली. आठवड्यात तेवढीच एक सकाळ, जेव्हा तिच्या हातात पिशवी नसते.

मंगळ. ६ जाने.

बुद्धविहारासमोरच्या पटांगणात सराव. प्राचीने माझी कपडे वाळत घालायची दोरी नेली. मागच्या फळीतल्या चौघींना एकाच दोरीत कमरेला बांधलं. एक सरकली की चौघींनी सरकायचं. दोरी ताणायची नाही, लोंबूही द्यायची नाही.

मी म्हटलं, हे काय बकऱ्या नेतात तसं.

"आजी, ही ओळ आहे. चौघी एकदम पुढे आल्या की त्यांची गोल मारणारी बाई आपल्या मागे एकटी राहते. तिला बॉल दिला की रेघेवरच्या पंचाचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल धरत नाहीत."

"आणि चौघींना कळणार कसं, कधी सरकायचं?"

"काकी ओरडेल. ती मधली, तिला सगळं दिसतं. एकच शब्द. पुढे."

धा. ओरडणार. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मांजर हाकललेलं मी ऐकलेलं नाही.

गुरु. ८ जाने.

रोग सापडला.

डाव्या बाजूला शेजारची लता. तिला धा. खणखणीत म्हणते, "लते, पुढे." लता पुढे. उजव्या बाजूला थो. तिला म्हणते, "अहो ताई, जरा पुढे येता का." हे बोलून होईपर्यंत बॉल जाळ्यात. थो. मागे राहते, ओळ तिथेच फुटते, आणि पाचही गोल त्याच दारातून आले होते.

माहेरची शिकवण. थोरल्या जावेला नावाने हाक मारायची नाही, आवाज चढवून तर नाहीच. घरात मला हे फार आवडतं. मैदानात गोल होतो.

प्राची म्हणाली, "काकी, नाव नको तर नंबर घे. आईचा दोन."

पुढचाच बॉल. "दोन नंबरताई, येता का पुढे."

लता हसून खालीच बसली. दोरीने बांधलेल्या, बाकीच्या तिघीही बसल्या.

रवि. ११ जाने.

मग अदलाबदल. थो. मध्ये, धा. कडेला. थो.चा आवाज अख्ख्या गोवंडीला माहीत आहे, तेव्हा ओरडण्याची अडचण नाही. पण मध्ये उभी राहिली की लताकडचा बॉल तीच काढणार, धा.कडचा तीच, गोलकीपर शबानाच्या हातातलाही तीच घ्यायला जाणार. आणि मधली जागा मोकळी. वर म्हणते, "मी नाही केलं तर कोणी काही करतच नाही."

हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात पाठ केलंय.

प्राचीने परत धा.ला मध्ये घातलं. म्हणे, आई वळायला वेळ घेते. (हे आईला वाचून दाखवायचं नाही. – प्रा.)

सोम. १२ जाने.

फुटबॉल मला कळत नाही. सुना कळतात.

दोघींना समोर बसवलं. म्हटलं, मैदानात धाकटीने तोंडातून ताई काढलं, तर त्या दिवसाची सगळी भांडी थोरलीने घासायची.

थो. म्हणाली, "मी का? चूक तिची."

"तिला दंड केला तर ती ताई ताई करत तुझीच माफी मागत बसेल. तुला केला तर तू तिला शिकवशील."

धा.ने मान खाली घातली होती, पण खांदे हलत होते.

गुरु. १५ जाने.

थो.ने भांडी घासली. काल पण. कुकर, कढई, तवा, सगळं. धा. पाय वर घेऊन मालिका बघत होती. आधी मला विचारलं, "बसू का हो आई?" बस म्हटलं.

संशय असा की बाई मुद्दाम ताई म्हणतेय. आज बॉल पार तिकडच्या गोलाशी होता, धोका काही नाही, आणि मधूनच स्वच्छ आवाजात, "ताई, उन्हात उभ्या राहू नका." प्राची तोंडात शिटी धरून बघतच राहिली.

घरी आल्यावर विचारलं. "सवय आहे हो आई. जाईल हळूहळू." आणि कणभरही लाजली नाही. इतकी वर्षं ही पोरगी माझ्या घरात कुठे बसली होती कोण जाणे.

शनि. १७ जाने.

साबणाच्या हातांनी थो.ने तिला दारात गाठलं.

"रेश्मा, हात बघ माझे. मंगल म्हण."

"कसं म्हणू, ताई."

"मंगल. म्हण."

"मंगल... ताई."

"ये मग, कुकर तू घास."

"मंगल."

इतकं हळू, की मला तिच्या ओठांवरून कळलं. पण निघालं. प्राचीने लगेच दोघींना गल्लीच्या दोन टोकांना उभं केलं आणि धा.ला तिथून हाक मारायला लावली. चौथ्या-पाचव्या हाकेला आवाज फुटला. ब्लाउज शिवणारी दुसरी मंगल टेप गळ्यात घालून बाहेर आली, काय झालं विचारायला.

रवि. १८ जाने.

स्पर्धेतली पहिली मॅच. गोल नाही, त्यांचा नाही, आमचाही नाही. मग पेनल्टी, त्यात शबानाने वाचवलं. जिंकलो म्हणतात याला. धा.ची हाक दोनदा उशिरा आली, पण ताई एकदाही नाही. संध्याकाळची भांडी तिची तिने घासली, जरा आपटून.

उरली एक मॅच. ती जिंकली तर फायनल, आणि रविवार आपला.

रवि. २५ जाने.

हळू लिही, आज सगळं सांगणार आहे.

बोरीवलीच्या बायका. बूट पांढरेशुभ्र, पाय चोळायला वेगळा माणूस. त्यांची नऊ नंबर उंच, पळते हरणासारखी. आमच्या थो.ला तिने पहिल्यांदाच बघितलं आणि तिच्याच शेजारी जाऊन उभी राहिली. हुशार बाई. दार कुठे फुटतं ते बाहेरच्यांना लवकर कळतं.

अर्ध्या वेळेला गोल नाही. नंतर आमच्या कॉर्नरला गर्दीत बॉल थो.च्या गुडघ्याला लागून आत गेला. तिलाच कळलं नाही. ती पंचाला विचारत होती, कोणाचा.

मग बोरीवली तुटून पडली. लता दमली, शबाना बोटं फुंकत होती. प्राची रेघेवर उभी, ओठ पांढरे. (नव्हते. – प्रा.) होते.

शेवट शेवट त्यांनी मधून लांब बॉल मारायला पाय उचलला. नऊ नंबर थो.च्या खांद्याला खांदा लावून तयार. आणि मधून आवाज आला.

"मंगल, पुढे."

कचऱ्याच्या डंपिंगवरच्या घारी हलल्या असतील त्या आवाजाने. थो.ने मागे बघितलं नाही, का म्हणून विचारलं नाही. पाऊल उचललं. चौघी एकदम, कमरेला दोरी नसताना दोरीत बांधल्यासारख्या. नऊ नंबर मागे एकटी. बॉल तिच्याकडे, तिने तो जाळ्यात मारला, बोरीवली नाचायला लागली.

मी झेंड्याकडे बघत होते. वर होता.

उठले तेव्हा मांडीवरच्या शेंगा सगळ्या मातीत. सोडून दिल्या. शेवटची शिटी झाली तेव्हा थो. आणि धा. एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि दोघींना सोडायचं कधी ते कळत नव्हतं. प्राची मैदानभर पळत होती, कोच असून.

सेक्रेटरी आले. रविवार सकाळ बायकांची, वर्षभर. चहा त्यांनी मागवला. साखर कमी होती, तरी दोन प्याले.

मंगळ. २७ जाने.

आज सकाळची गोष्ट. दूध गॅसवर. थो. भाजी निवडत ओट्याशी, पाठ गॅसकडे. धा. मोरीजवळ कणीक मळत. दूध वर आलं.

"मंगल, दूध."

थो.ने न बघता हात मागे नेला, गॅस बंद केला. एक थेंब सांडला नाही.

मग दोघी थांबल्या. थो.च्या हातात मेथीची काडी, धा.चे हात कणकेत. आधी एकमेकींकडे बघितलं, मग दोघींनी माझ्याकडे.

मी डोळे मिटले. म्हातारीला बसल्या बसल्या झोप लागते, कोणी काही म्हणत नाही.

थोड्या वेळाने मेथी मोडल्याचा आवाज आला. मग कणकेवर बुक्की.

मी नियम मैदानापुरता केला होता. घरात काय, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता प्राची विचारतेय, "आजी, मग घरात काय ठरलं?"

पेन ठेव म्हटलं, आणि माझी दोरी कुठे टाकलीस ती शोध. रविवारी फायनलला समोर माहुल आहे.