टोपडं वेगळं, कानटोपी वेगळी

मी, खाली सही करणारी, धंदा टोप्या शिवणे, वय सत्तरीच्या पुढे, विधवा, स्वतःचे अपत्य नाही, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, आज भानावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. औषधांनी डोक्यावर एक केस ठेवला नाही, पण डोक्याच्या आतलं सगळं जागच्या जागी आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना ते हसत होते, कारण मी त्यांच्या ऑपरेशनच्या टोपीची शिवण उसवलेली दाखवत होते. वकील म्हणतात, कागदाची भाषा कागदासारखी असावी. जमेल तिथे तशी ठेवली आहे.

कलम १. राहते घर व खालचे दुकान यांतला निम्मा हिस्सा माझा, निम्मा माझ्या धाकट्या जाऊबाईंचा. आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ. माझ्या हिश्श्याची वहिवाट जाऊबाईंनी त्या हयात असेपर्यंत करावी. त्यानंतर तो त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, पूर्ण मालकीने मिळावा. जाऊबाईंना घराबाहेर काढण्याचा हक्क कोणालाही नाही. आम्ही एकमेकींशी इतकी वर्षं बोललो नाही म्हणून मी त्यांना उघड्यावर टाकीन असं ज्यांना वाटलं, त्यांनी आता तोंड मिटावं.

कलम २. माझ्या भावाचा मुलगा मी आजारी पडल्याचं कळताच धावत आला. माझी विचारपूस करता करता त्याने दुकानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून घेतली. मी डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते. त्याला माझी मोजपट्टी द्यावी. दुसरे काही देऊ नये.

कलम ३. बँकेतल्या शिल्लकीतून दवाखान्याचे बिल भागवावे आणि उरेल त्यात छप्पर दुरुस्त करावे. ते जाऊबाईंच्या अंथरुणावर गळतं. इतके दिवस त्या बादली ठेवून गप्प बसल्या.

कलम ४. दुकानाच्या पाटीवर 'टोपडी' आणि 'कानटोप्या' असे दोन्ही शब्द राहावेत. रंगाऱ्याने मागे एकदा 'सर्व प्रकारच्या टोप्या' असं लिहून ठेवलं होतं, तेव्हा मी त्याला शिडीवरून खाली उतरवला होता. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दोन्ही डोक्याला घट्ट बसतात, दोन्हींनी कान झाकतात, मग फरक काय?" अहो, फरक काय म्हणजे? टोपडं हे धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचं. ते शिवतात. त्याची शिवण बाहेरच्या अंगाला, आतून बोट फिरवलं तर काही लागता कामा नये. ते हनुवटीखाली बंदांनी बांधतात, डोक्याला नुसतं टेकलेलं असतं. कानटोपी लोकरीची. ती विणतात, ओढून चढवतात, ती डोक्याला धरून बसते आणि तिची गाठ आत, माथ्यावर येते. टोपडं ज्याची टाळू अजून भरली नाही त्याच्यासाठी, कानटोपी ज्याला थंडीत बाहेर पडायचं आहे त्याच्यासाठी. टोपडी मी करते, कानटोप्या धाकटी करते. एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या उजेडात, पाठीला पाठ लावून.

कलम ५. शिलाई मशीन, कात्र्या व टोप्या चढवून बघायची लाकडी डोकी पुतणीला द्यावीत. तिचा हात चांगला आहे, घाई फार करते. मशीनला तेल घालताना रडू नये, पट्टा सुटतो.

कलम ६. आता आमच्या भांडणाविषयी. गल्लीला ते ठाऊक आहे, पण गल्लीला ज्याच्या त्याच्या सोयीने ठाऊक आहे, म्हणून झालं ते लिहिते. माझे धाकटे दीर छापखान्यात फोरमन होते. आवाज असा की मशिनं बंद न करता माणसं ऐकत. त्यांच्या डोक्यात गाठ निघाली, डोकं भादरून ऑपरेशन झालं. धाकटीने त्यांच्या उशाशी बसून निळ्या लोकरीची कानटोपी विणली आणि त्यांना घातली. दुसऱ्या दिवशी ती घरी आंघोळीला गेली असताना मी ती कानटोपी काढली आणि मोठ्या मापाचं शिवलेलं टोपडं त्यांना बांधलं. नेमकी तेव्हाच छापखान्यातली माणसं भेटायला आली. फोरमनच्या हनुवटीखाली बंदांची गाठ बघून एकाला हसू आवरलं नाही. धाकटी दारात उभी होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, माझ्या कर्त्या नवऱ्याचं तुम्ही बाळ करून ठेवलंत. तुम्हाला मूल नाही म्हणून काय माझा नवरा मिळाला खेळायला?" मी बंदांची गाठ सोडली नाही. त्याच आठवड्यात भाऊजी गेले, ते टोपडं डोक्यावर असतानाच. तेव्हापासून गेल्या आठवड्यापर्यंत धाकटी माझ्याशी लोकर, कापड आणि गिऱ्हाईक सोडून बोललेली नाही. मी टोपडं बांधलं ते बरोबर केलं. पुन्हा तशी वेळ आली तरी तेच करीन. याहून जास्त इथे लिहीत नाही.

कलम ७. हे कलम धाकट्या जाऊबाई हयात असेपर्यंत मोठ्याने वाचू नये. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, वाचून दाखवावं लागतं, तेव्हा पुतणीने सहावं संपलं की आठवं सुरू करावं. वकील म्हणाले, "बाई, वाचायचं नाही तर लिहिता कशाला?" अहो, माणूस आहे मी. कोणी एकाने तरी मला निर्दोष म्हणावं असं मला वाटतं. बाळा, ते एक माणूस तू हो.

धाकटी आंघोळीला गेल्यावर तुझ्या वडिलांनी मला जवळ बोलावलं. आवाज फुटत नव्हता.

"वहिनी, माझ्या मापाचं टोपडं होईल का हो? हिची टोपी टाक्यांवर चावते. झोप लागत नाही."

"मग तिला सांगा ना, भाऊजी. ती उसवून सैल करून देईल."

"नको. एवढं मन लावून विणलीय. तुम्हीच आपण होऊन घातलंत म्हणा. चिडेल तुमच्यावर, पण तुम्ही सोसाल."

मी म्हटलं, सोसेन, आणि पिशवीतल्या मऊ कापडाचं तिथेच बसून हाताने टोपडं शिवलं. मला वाटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, बरे होऊन घरी येतील आणि आपल्या तोंडाने सांगतील. तुम्ही सोसाल म्हणे! भाऊजी, तुम्ही गेलात सुटून. माझा राग असलाच तर तुमच्यावर आहे, तुमच्या बायकोवर नाही.

मी तिला का सांगितलं नाही, असं तू विचारशील. ती निळी टोपी अजून तिच्या कपाटात आहे. दर उन्हाळ्यात ती बाहेर काढते, उन्हात ठेवते आणि कोणी हात लावू नये म्हणून शेजारी बसून राहते. नवऱ्यासाठी हातून झालेलं ते शेवटचं काम. तेच त्याला रात्रभर चावत होतं, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? पुष्कळदा शब्द ओठांवर आले. पाठीला पाठ लागलेली असायची, नुसतं वळायचं होतं. वळले नाही. आता माझंही डोकं भाऊजींसारखं झालं आहे, नुसती उशी लागली तरी आग होते, तेव्हा त्यांचं म्हणणं मला पुरतं कळतं. तुझ्यावर हे ओझं टाकते आहे. दुसरं कोणी नाही गं मला.

इथून पुढे मोठ्याने वाचावे.

कलम ८. गेल्या आठवड्यात धाकट्या जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. हातात राखाडी लोकरीची कानटोपी होती, नवी विणलेली.

"डोक्याला गार लागत असेल. घाला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच माझ्या डोक्यावर चढवली, कानांवरून खाली ओढली. "घट्ट होतेय का, ताई?"

"नाही गं. अगदी मापात बसली."

मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या. छप्पर गळतं ते सांगितलं. पुतणीची मुलगी फार दांडगी झाली आहे, तेही सांगितलं. अंधार पडला तरी उठल्या नाहीत. मला रडू आलं, आणि ते त्यांनी बघितलं तरी मला चाललं.

सबब लिहून ठेवते की, माझ्या पश्चात मला टोपडं बांधण्याचा हट्ट पुतणीने धरू नये. डोक्यावर धाकटीने विणलेली कानटोपीच राहू द्यावी, आणि ती सारखी करायची झाल्यास धाकटीनेच करावी. इतर कोणी हात लावू नये. दुखतं म्हणून मी टोपी काढावी, असं नर्सबाई रोज सांगतात. त्यांचं ऐकू नये. ही टोपी मला कुठेही टोचत नाही, हे मी दोन साक्षीदारांसमोर लिहून देते.

स्थळ: दुकानाची मागची खोली.
दिनांक: आजचा, सोमवार. आकडे वकिलांनी वर घातले आहेत.

लिहून ठेवणार: (सही) टोपडेवाल्या ताई

साक्षीदार:
१. (सही) समोरचे घड्याळजी. ताईंनी आमच्यादेखत सही केली.
२. (सही) दवाखान्यातल्या नर्सबाई. ताईंनी माझ्यादेखत सही केली. सही करताना टोपी डोक्यावर होती.