कोऱ्या कागदावरचे अंगठे

बाई, संस्थेची स्मरणिका निघते आहे आणि तुमच्यावरचा लेख मीच लिहावा असं सगळ्यांनी ठरवलं. लिहून दिला. नगरपालिकेच्या शाळेतली तुमची नोकरी, आमच्या वसाहतीतल्या मुलींना दटावून दटावून मॅट्रिकपर्यंत नेणं, आणीबाणी उठल्यावर चारचौघींना गोळा करून काढलेलं मंडळ, दर रविवारी त्र्यंबकच्या पलीकडच्या पाड्यावर जाणं, सगळं त्यात आलं. वाचणाऱ्यांना आवडेलही. त्यात खोटं काही नाही. फक्त एक दिवस मी गाळलाय, आणि तो गाळला की उरलेल्याला फारसा अर्थ राहत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हे वेगळं लिहायला बसले.

तुमचं स्वयंपाकघर हेच आपलं ऑफिस होतं. वकिलांकडचं टायपिंग संपवून मी संध्याकाळी थेट तुमच्याकडे यायची. तुम्ही कणीक मळताय, स्टोव्ह फरफरतोय आणि मी दाराशी बसून अर्ज मोठ्याने वाचतेय. मी जिथे अडखळेन ते वाक्य तुम्ही बदलायला लावता. माझी जीभ अडखळते तिथे त्या बायकांचा कानही अडखळणार, असं तुमचं म्हणणं. पाड्यावरच्या बायका रोजगार हमीच्या कामावर जायच्या. सही कुणालाच येत नव्हती, आणि मुकादम कोऱ्या हजेरीपत्रकावर अंगठे घेऊन वर मागाहून हवं ते भरायचा. म्हणून मंडळाचा एकच नियम होता. मजकूर आधी वाचून दाखवायचा, जिचा अंगठा तिने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, मगच शाई. अंगठा घेतला की तो ओल्या फडक्याने पुसूनही द्यायचा. ते फडकं तुम्ही साबणाच्या डबीत घालून मला दिलं होतं, शाईच्या हाताने बाई भाकरी कशी खाणार म्हणून. एकदा अर्जातली एक ओळ मी नाशकात येऊन बदलली, तर दुसऱ्या दिवशी रजा टाकायला लावून तुम्ही मला ती वाचून दाखवायला पाड्यावर परत पाठवलंत. एका ओळीसाठी एसटी, पुढे दोन टेकड्यांची पायपीट, आणि तसंच मागे. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

मग मुंबईचे ते गृहस्थ आले. परदेशातल्या एका संस्थेचं अनुदान इथल्या लहान मंडळांना मिळवून देण्याचं काम त्यांचं ऑफिस करायचं. गरिबाला त्याचे हक्क कळावेत, लोकशाही मतदानाच्या दिवसापुरती राहू नये, अशा कामाला पैसा देणारं कुणी असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. तुमच्याकडे पाटावर बसून पोहे खाता खाता त्यांनी सांगितलं, की मंडळाला जागा मिळेल, टाइपरायटर मिळेल, पगारावर एक पूर्णवेळ कार्यकर्ती ठेवता येईल. ती कार्यकर्ती कोण हे मी मनात तेव्हाच ठरवून टाकलं. वकिलांचं ऑफिस सुटणार, हेच काम दिवसभर करायला मिळणार, तेही मानाने. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. पैशाचं तुम्हाला वावडं होतं असं आता लोक समजतात, तसं काही नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पैसा त्या बायकांच्या नावावर येणार. त्यांना नीट विचारून ये. नको म्हणाल्या तर नको."

तेव्हा तुम्हाला दम लागायला लागला होता, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. म्हणजे जायचं मीच. अर्ज इंग्रजीत, तो मुंबईतच तयार होणार होता. त्यासोबत बायकांच्या संमतीचा ठराव अंगठ्यांसकट शुक्रवारी तिकडे पोचायला हवा होता. ठरावात काय लिहायचं ते त्यांनी अजून कळवलं नव्हतं. मला थांबता आलं असतं. पुढच्या वर्षी बघू असं कळवता आलं असतं. मी गुरुवारी रजा घेतली आणि कोरे कागद घेऊन निघाले.

पाझर तलावाचं काम चाललंय. दुपारची सुट्टी झालीय, बायका झाडाखाली भाकरीची गाठोडी सोडून बसल्यात, पलीकडे मुकादम खाटेवर पडलाय. मी घाईघाईने सांगते, आपल्या मंडळाला मदत मिळणार आहे, तुमची संमती पाहिजे. एक म्हातारी, तुमच्यासमोर मजकूर परत सांगायला सगळ्यात आधी उठणारी, कागद हातात घेते, दोन्ही बाजूंनी बघते आणि म्हणते, "ताई, ह्याच्यात काय लिवलेलंच नाय." मी म्हणते, लिहायचंय, पण आज वेळ नाही, बाईंनीच पाठवलंय मला. ती कागद मला परत देते. मग म्हणते, "तू हायेस, मंग काय," आणि अंगठा पुढे करते. तिच्यामागून बाकीच्या. फडक्याची डबी मी घरीच विसरले होते. शाईच्या हातांनीच त्या जेवायला लागल्या आणि मी एसटी गाठायला पळाले.

मुकादमाविरुद्ध त्याच बायकांची तक्रार तेव्हा तालुक्याला होती, तुम्ही सांगितलेली आणि मी टाइप केलेली. चौकशीला साहेब येणार होते. त्याच्या आधी मुकादम एक कोरा कागद घेऊन बायकांकडे गेला. त्या नको म्हणाल्या, तर तो म्हणाला, "तुमच्या ताईनं कोऱ्यावर घेतले तवा गोड लागलं. माझ्याच कागदाला काटे हायेत काय?" बायकांनी अंगठे दिले. वर त्याने लिहिलं, की आमची काही तक्रार नाही, गैरसमजाने अर्ज केला होता. चौकशी बारगळली. तक्रारीच्या अर्जावर पहिला अंगठा म्हातारीचा होता, तिला मग कामावर कुणी उभं केलं नाही. ती मुलाबरोबर वीटभट्टीवर निघून गेली. जाण्याआधी तिनेच मला हे सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "बाईंना आम्ही तुझं नाव नाय सांगितलं." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्हाला फक्त एवढंच कळलं, की बायकांनी मुकादमाच्या कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि तक्रार गेली. तुम्ही पोळपाट बाजूला सरकवलात. "इतकी वर्षं मी शिकवलं काय मग?" असं म्हणालात, आणि त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. पुढे कितीदा तरी तुम्ही तेच उगाळलंत, की मी सोपं करून सांगितलं नाही, मी घाई केली, माझंच चुकलं. आणि मी तुमची समजूत काढत राहिले. बाई, मी तुमची समजूत काढत होते, ह्याची मला आजही लाज वाटते.

अनुदान आलं. पुढे काम वाढलं, मंडळाची संस्था झाली, आणि ते काम खोटं नव्हतं. पुष्कळ पाड्यांवर बायका हजेरीपत्रक वाचायला शिकल्या, मुकादमाला प्रश्न विचारायला लागल्या. मी वीटभट्ट्यांवर त्या म्हातारीचा शोध घेतला तो मात्र दोन वर्षांनी, आणि तोही मनापासून नाही. ती सापडली नाही. स्मरणिकेचा लेख छापायला गेलाय. हे पान त्यात जाणार नाही, कुठेच जाणार नाही.

शेवटी तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा मी एकदा सांगायचं ठरवूनच आले होते. पण त्याच सकाळी अनुदानाच्या मंजुरीचं पत्र आलं होतं, ते आधी वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि विचारलंत, "त्या सगळ्या समजून हो म्हणाल्या ना गं?" मी म्हटलं, हो. तुम्ही माझा हात थोपटलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून बोलले नाही. तसं नव्हतं, बाई. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पडल्या पडल्या ते पत्र परत पाठवायला लावलं असतंत, आणि मला ती नोकरी हवी होती.